धोंडीबाच्या नावाचा बाक

पुन्हा तीच गोष्ट. शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तीच पाहिजे. सांगतो. पण हसायचं असेल तर तोंड तिकडे करून हसा.

एका गावात एक भोळा म्हातारा होता. गाव आमचंच, पिंपळदरी. म्हातारा येसबा मुळीक. सांगितलेलं तंतोतंत करायचा, पण भलत्याच ठिकाणी.

त्याची लेक सारिका आयर्लंडात नर्स. तिचे दिवस भरत आले, तेव्हा तिने बापाला बोलावून घेतलं. नातवाचं तोंड बघूनच परतायचं, एवढीच येसबाची आस.

तिथलं गाव छोटं. बाग एकच. लेक त्याला बागेत घेऊन गेली. फाटकात एक माणूस हसून काहीतरी बोलला. येसबा नुसता बघत राहिला.

"आबा, इथे कुणी भेटलं की हसून म्हणायचं, छान दिवस आहे." तिने ते त्यांच्या भाषेत त्याच्याकडून घोकून घेतलं.

"बरं. ध्यानात ठेवतो."

पुढे बाकावर काळ्या कपड्यातली एक बाई रडत होती. येसबा तिच्यापुढे गेला, बत्तीशी दाखवली. "छान दिवस आहे!"

सारिकाने त्याला बाजूला ओढलं. "आबा! तिचा नवरा वारलाय. बाकावरच्या पितळी पट्टीवर नाव आहे त्याचं. इथे आठवणीसाठी असं नाव लावतात. रडणाऱ्यापुढे टोपी काढायची, हात हातात घ्यायचा, म्हणायचं, तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

तळ्याकाठी नवरा-नवरी फोटो काढत होते. नवरीची आई डोळे पुसत होती. येसबाने टोपी काढली. तिचा हात धरला. "तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं." मग नवरदेवाचा धरला. त्यालाही तेच. नवरदेवाचा चेहरा पडला.

"आबा, ती आनंदाने रडतेय! हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तर फुलं उधळायची!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

वळणावर एक गृहस्थ मित्राशी हसत बोलत होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याला फुलांच्या परागांचा त्रास, दर वसंतात व्हायचा. येसबाला काय माहीत? त्याने शेजारच्या वाफ्यातली ट्युलिपं मुळासकट उपटली आणि ओंजळी ओंजळीने त्याच्या अंगावर उधळली. गृहस्थ एकतीस वेळा शिंकला. माळी खुरपं घेऊन धावत आला.

सारिकाचा चेहरा लाल झाला. "आबा, मला या गावात राहायचंय. आणखी एक घोळ केलात तर उद्याच्या विमानात बसवीन. बाळ फोनवर बघा. इथे बसा. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही!"

ती माळ्याची समजूत काढायला गेली. येसबा ओठ आवळून बाकावर बसला. आता नातू दिसायचा नाही, म्हणून जीव कासावीस झाला. अशा वेळी गावाकडे धोंडीबा लवांडे असायचा. दोघं पारावर बसून एकाच डबीतला चुना लावून तंबाखू खायचे. त्याची फार आठवण आली. आठवणीसाठी नाव लावतात, हे ध्यानात होतं. त्याने चुन्याची डबी काढली आणि बोटाने बाकावर मोठ्ठं नाव लिहिलं. धोंडीबा. मग रडायला लागला.

येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं. रडणारा म्हातारा, बाकावर ताजं नाव. एकेकाने टोपी काढली, हात हातात घेतला. काळ्या कपड्यातली बाई शेजारी येऊन बसली. माळ्याचाही राग उतरला, त्याने तीच ट्युलिपं आणून नावापाशी ठेवली. येसबाचं तोंड बंद.

मागून सारिका आली. नाव वाचून मट्कन बसली. "आबा... धोंडीबाकाका? कधी? आणि हे मनात ठेवून फिरत होतात तुम्ही?"

तोंड उघडा, असं ती म्हणालीच नव्हती. येसबा आणखी जोरात रडला.

"कुठेही जायचं नाही तुम्ही," ती त्याला कवटाळून म्हणाली. "बाळ होईपर्यंत इथेच राहा." आणि तिने गावाला फोन लावला.

इकडे धोंडीबा रानातून येऊन पिठलं-भाकरी खात होता. बघतो तर दारात अख्खं गाव. दोघांच्या खांद्यावर बांबू, एकाच्या हातात मडकं. भावकी गळा काढून रडतेय. जिवंत बघून कुणाला आनंद झाला म्हणाल? बांबू तोडणारा म्हणतो, "आता हे परत कुठे नेऊ?"

तो धोंडीबा मी.

नातू झाला. येसबा परतला. माझ्यापुढे आला, टोपी काढली, हात हातात घेतला. म्हणाला, "तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं."

ही माफी मी धरत नाही. माझी माफी मागायची अजून राहिली आहे ती येसबा मुळीक याने.