लोहाराच्या घरचा धूर

रानाला खेटून एक गाव होतं आणि त्या गावात एक लोहार होता. कुठलं गाव, कधीची गोष्ट, ते मला विचारू नका. अशी गावं पुष्कळ आहेत, आणि असे लोहारही.

हा लोहार आपल्या घरच्या अंगणात शिकारीच्या सुऱ्या बनवायचा. साध्या लोखंडाच्या नाहीत हं! तो लांबच्या बाजारातून एक पांढरं पोलाद आणायचा, ज्याला गंज म्हणून चढत नाही. रक्त लागो, पाऊस लागो, पुसलं की पातं पुन्हा लख्ख. पण हे पोलाद मोठं हट्टी. साधं लोखंड जेवढ्या आचेवर ऐकतं, तेवढ्यावर हे ढिम्म हलत नाही. भट्टीत ते पार पिवळट नारिंगी होईपर्यंत तापवायचं, जरा वेळ तसंच ठेवायचं, मग झटकन तेलात बुडवायचं. चर्र आवाज झाला की पातं कडक. एवढं कडक, की कानस लावली तर नुसती घसरते.

आणि इथंच माणसं फसतात. कडक म्हणजे पक्कं नव्हे. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असतं, हाडावर जोरात बसलं की तुटलंच. त्याला पुन्हा दिवसभर मंद शेक द्यावा लागतो, म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो. अंगणातली भट्टी या कामाला फार उग्र. म्हणून लोहाराच्या घरात बापजाद्यांपासून एक रीत होती. पातं शेकायचं ते घरातल्या चुलीच्या गरम राखेत, आणि ते राखेत असेपर्यंत चुलीवर काही शिजवायचं नाही. जाळ घातला की राख भडकते आणि सगळी मेहनत वाया जाते. त्या दिवशी घरात सगळ्यांनी शिळंपाकं खायचं. छपरातून धूर निघायचा नाही, आणि गावाला कळायचं की आज लोहाराकडे पातं शेकतंय.

शेकलेल्या पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग चढतो. पण घासून चकाकी आणली की तो रंगही जातो. मग शेकलेलं पातं आणि कच्चं पातं शेजारी शेजारी ठेवा, देवालाही ओळखता यायचं नाही. खूण एकच. त्या दिवशी घरातून धूर निघाला होता की नव्हता.

लोहाराच्या शेजारी एक शिकारी राहायचा. लोहाराचं नाव मी सांगत नाही, पण याचं सांगणार आहे. कुशाबा. का सांगते, ते कळेलच तुम्हाला. कुशाबा आणि लोहार लहानपणापासूनचे मित्र. कुशाबाची बायको तर अशी, की शेजारून धूर दिसला नाही की हिची गरम भाकरी आणि कालवण लोहाराच्या ओट्यावर हजर.

"वहिनी, कशाला त्रास घेता?" लोहार म्हणायचा.

"त्रास कसला, भावजी? तुम्ही आमच्या माणसांसाठी उपाशी बसता, आम्ही दोन भाकऱ्या जास्त थापल्या तर काय बिघडलं?"

असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

मग लोहाराचं नाव झालं. नाव होणं वाईट नाही, पण ते सगळ्यांना पचत नाही. लांबलांबची माणसं सुऱ्या मागायला येऊ लागली. लोहार बाजारात उभा राहून पातं उन्हात फिरवायचा आणि ओरडून सांगायचा, "माझं पातं मोडत नाही! आणि मोडलंच, तर दोष पात्याचा नाही, चालवणाऱ्या हाताचा!" लोकांना हे वाक्य फार आवडलं. पोरंसोरंसुद्धा ते म्हणत फिरायची. लोहाराचा तरणाताठा मुलगा होता, तोही छाती फुगवून तेच म्हणायचा.

एकदा गढीवरचे मानकरी लोहाराकडे पाहुणे म्हणून आले. नेमकं त्याच दिवशी चुलीत पातं होतं. पाहुण्यांना काय शिळी भाकरी वाढायची? लोहार बायकोला म्हणाला, "काढ ते पातं राखेतून. मटण चढव."

"अहो, पण आत्ताच तर ठेवलंय! अजून नीट तापलंही नसेल."

"एका पात्याने काय होतंय? काढ म्हणतो ना!"

तिने काढलं. मटण शिजलं, पाहुणे खूश होऊन गेले. ते कच्चं पातं घासूनपुसून कुणालातरी विकलं गेलं. आणि काही झालं नाही. हे वाईट झालं बघा. त्याच दिवशी ते पातं मोडलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण काही झालं नाही, म्हणून दुसऱ्या पात्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. लोहाराच्या घरात आता रोज गरम जेवण आणि रोज धूर. पण त्याचं नाव एवढं झालं होतं, की त्या धुराकडे कुणी लक्ष देईना. सुऱ्या मात्र ढिगाने. गावातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या कमरेला नवी लखलखती सुरी आली.

पिकं काढून झाली की गाव रानडुकरांच्या शिकारीला निघायचं. नाही निघालं तर पुढच्या पिकाची नासाडी ठरलेली. त्या वर्षी कुशाबा आला आणि म्हणाला, "गड्या, माझी जुनी सुरी झिजली रे. नवी करून दे. घाई नको करू, तुझ्या सवडीने कर."

लोहाराच्या मनात आलं, याचं तरी नीट करू. खरंच आलं हो, मी खोटं कशाला सांगू? त्याने पातं तापवलं, तेलात बुडवलं, स्वतःच्या हाताने चुलीच्या राखेत ठेवलं. पण दुपारी भूक लागली. शिळी भाकरी खायची जिभेची सवय गेली होती. त्याने राखेकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि पातं बाहेर काढलं.

थोड्या वेळाने कुशाबाची बायको भाकरीची टोपली घेऊन दारात आली. आज आपल्याच माणसाचं पातं शेकणार, म्हणून तिने मुद्दाम चांगलं कालवण केलं होतं. बघते तर चुलीवर रस्सा उकळतोय.

"अगंबाई! भावजी, चूल पेटलेली?"

"पातं झालं की, वहिनी. आता नव्या रीतीने लवकर होतं."

"असं होय? बरं झालं बाई, तुमचा उपास तरी सुटला." आणि ती हसत परत गेली. विश्वास ठेवणारं माणूस असं हसतं. ते हसू बघून लोहाराला घास गिळवला नाही, एवढं खरं. पण नंतर गिळलाच.

शिकारीच्या दिवशी एक दांडगा डुक्कर झुडपातून थेट कुशाबावर आला. कुशाबा जुना जाणता शिकारी, जागचा हलला नाही. त्याने बरोब्बर जागेवर वार केला. सुरी खांद्याच्या हाडाला लागली आणि काडकन तुटली. अर्धं पातं डुकराच्या अंगात राहिलं, मूठ कुशाबाच्या हातात. पुढचं काय सांगायचं? डुकराने त्याची मांडी फाडली. माणसं त्याला घोंगडीत घालून आणत होती, पण तो गाव गाठू शकला नाही.

दुःख झालं गावाला. पण चावडीवर दुसरीच कुजबुज सुरू झाली. लोहाराची सुरी मोडली? ती कशी मोडेल? मग कुणीतरी म्हणालं, "दोष हाताचा." दुसरा म्हणाला, "वय झालं होतं कुशाबाचं." तिसरा म्हणाला, "घाबरला असणार. वार तिरका बसला असणार." ज्याने आयुष्यभर गावाची पिकं राखली, तो मेल्यावर भित्रा ठरला. म्हणून मी त्याचं नाव सांगितलं, मुलांनो. गावाने ते खराब केलं, निदान आपण तरी नीट घेऊ.

कुशाबाच्या बायकोला हे सहन होईना. ती सुरीची मूठ घेऊन चावडीवर आली. सगळ्यांसमोर तिने लोहाराला विचारलं, "भावजी, माझा माणूस घाबरणारा होता का, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं पातं केलंत त्या दिवशी तुमच्या घरातून धूर निघत होता. मी डोळ्यांनी चूल पेटलेली पाहिली. एवढंच सांगा, पातं दिवसभर शेकलं होतं का?"

लोहाराने मुठीकडे पाहिलं. तुटलेल्या जागी पोलादाचे दाणे साखरेसारखे चमकत होते. कच्चं पातं असंच तुटतं, हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता. 'नाही' एवढाच. कुशाबाचं नाव बदनामीतून सुटलं असतं आणि गावातल्या सगळ्या सुऱ्या परत राखेत गेल्या असत्या.

पण गढीवरचे मानकरी समोर बसले होते. सगळं गाव बघत होतं.

"शेकलं होतं," लोहार म्हणाला. "ऐरणीची शपथ. वहिनी, धूर दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहिला असेल तुम्ही. दुःखात माणसाचा गोंधळ होतो."

लोहाराची बायको मागे उभी होती. तिने मान खाली घातली.

कुशाबाच्या बायकोने मूठ पदरात घेतली. "बरं भावजी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसानंतर तिने लोहाराच्या घराकडे पाहिलं नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा शिकारीचा दिवस आला. लोहार अंगणात आला, तर त्याचा मुलगा कमरेला सुरी बांधत होता. तीच पांढरी, लखलखती, त्याच घाईतली सुरी! लोहार धावत पुढे झाला.

"ती सोड! ती घेऊन जाऊ नकोस!"

"का? तुमचीच तर आहे."

"कच्ची आहे रे ती! सगळ्या कच्च्या आहेत!"

मुलाने त्याच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या आईकडे पाहिलं. आईने पुन्हा मान खाली घातली. मुलाला सगळं कळलं.

लोहार तसाच अनवाणी धावत वेशीवर गेला. शिकारी जमले होते. त्याने हात जोडले, रडला, म्हणाला, "सुऱ्या परत द्या! मी खोटं बोललो. कुशाबाचा दोष नव्हता. पातं मी शेकलंच नव्हतं!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. "मित्र गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं," एकजण म्हणाला. दुसरा हसला, "अहो, ऐरणीची शपथ घेतली होती ना तुम्ही? आता म्हणता खोटी होती. मग आजचं तरी खरं कशावरून?" आणि तिसऱ्याने त्याच्या खांद्यावर प्रेमाने थाप मारली. "काळजी करू नका. तुमचं पातं मोडत नाही. मोडलं, तर दोष आमच्या हाताचा!"

सगळे हसले. एकाही माणसाने कमरेची सुरी सोडली नाही.

तेवढ्यात मुलगा तिथे आला. सुरी कमरेलाच होती. लोहाराने त्याचा हात धरला. "तू तरी नको जाऊ रे. तुला तर खरं ठाऊक आहे."

"म्हणूनच जातो, बाबा," मुलगा म्हणाला. "अख्खं गाव तुमच्या कच्च्या पात्यांवर रानात चाललंय. मी तेवढा घरी बसू? तोंड कुणाला दाखवू?" त्याने बापाचा हात सोडवला आणि तो सगळ्यांबरोबर गेला.

त्या दिवशी मुलगा जिवंत परत आला. पण घरी नाही आला. तो कुशाबाच्या बायकोच्या दारात गेला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, खरं काय ते सांगितलं आणि तिथंच राहिला, तिचं शेत बघायला. बापाशी तो पुन्हा बोलला नाही. सुऱ्या मात्र गावात मोडत राहिल्या, या वर्षी एक, पुढच्या वर्षी एक. दर वेळी एखादं घर रडायचं आणि दर वेळी गाव म्हणायचं, दोष हाताचा.

लोहार म्हातारा झाला. शिकारीचा दिवस आला की तो सकाळपासून चुलीपुढे बसायचा, वेशीकडे कान लावून. त्या दिवशी तो घरात जाळ घालू द्यायचा नाही. राखेत पातं नसायचं, काही नसायचं, तरी चूल बंद. छपरातून धूर निघायचा नाही, आणि शेजारच्या घराला ते दिसायचं.

भाकरी मात्र कुणी आणून दिली नाही.

तात्पर्य: जे काम कुणाला दिसत नाही, त्यातच दुसऱ्याचा जीव असतो, म्हणून ते चुकवू नका. आणि चुकवलंत, तर विचारल्यावर लगेच कबूल करा. कारण खरं बोलायची वेळ टळली, की तेच खरं कुणी फुकटसुद्धा घेत नाही.