मावळ्याच्या कमरेचा रंग

अंगणाअंगणात दिवाळीचे किल्ले व्हायचे, त्या काळातला एक मातीचा मावळा वामनरावांच्या काचेच्या कपाटात उभा होता. नाक गेलेलं, कमरेचा रंग दोन्ही बाजूंनी उडालेला. शेजारी खोक्यात त्याचाच नवा अवतार होता. त्याचे हात हलायचे आणि मिशीचा केसन् केस कोरलेला होता.

जुनी खेळणी जमवणारे पाहुणे दोघांना पारखायला आले. "वामनराव, नवा काय रेखीव आहे! जुन्याची कंबर तेवढी रंगवून घ्या," असं सांगून गेले.

"बरं झालं," नवा म्हणाला. "आता माझ्या शेजारी शोभाल."

"अरे, ती कंबर रंगवली, तर मी कुणाचा हे कसं कळणार?" जुना कळवळला.

वामनरावांनी ब्रश रंगात बुडवला आणि जुन्याला उचललं. उडालेल्या एका जागेवर अंगठा बसला, दुसरीवर बोट. लहानपणी दर दिवाळीत त्याला किल्ल्यावर चढवताना बसायचं, अगदी तसंच.

त्यांनी ब्रश धुऊन ठेवला. मग नव्याला खोक्यातून बाहेर काढलं आणि कमरेला धरलं.

नवा जुन्याला हळूच म्हणाला, "आजोबा, रंग उडायला किती दिवाळ्या लागतात हो?"