खोडलेले आकडे

"म्हणजे या बोळात काहीच पोचत नाही म्हणतोस?" मठ सांभाळणाऱ्या आक्कांनी विचारलं.

"गणिताने पोचायला नको," विनायकराव म्हणाले. "टॉवर त्या इमारतीच्या पलीकडे. इकडे मठाची भिंत. आणि बोळाच्या तोंडाशी हा औदुंबर. झाड म्हणजे लहरींना अडसरच. पानं ओली असली की आणखी."

रेडिओलहरी शहरात कुठवर जातात, भिंती आणि झाडं त्यांना किती अडवतात, याचं गणित मांडण्यात विनायकरावांचा जन्म गेला होता. पत्नी गेल्यापासून ते दर गुरुवारी मीटर घेऊन मिरजेच्या या मठात येत. तिचा गुरुवारचा नेम होता, या औदुंबराला अकरा प्रदक्षिणांचा. आपण मात्र मोजमापासाठी येतो, असं ते सगळ्यांना सांगत.

लेकीच्या लग्नाला ते गेले नव्हते. तीन वर्षं झाली, ऋजुताने फोन केला नव्हता. मोबाइल मात्र सदऱ्याच्या वरच्या खिशात असे, आवाज पूर्ण मोठा करून.

"मग हे पान सगळं खोडलंयस ते?" आक्कांनी त्यांच्या वहीवर बोट ठेवलं.

"चुकीचे आकडे आहेत. मीटर काहीतरी दाखवतं, अगदी क्षीण. यायला नको ते येतं."

"दर वेळी?"

"माघात नव्हतं. तेव्हा झाड जवळजवळ बोडकं होतं. आता चैत्रात..."

त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं.

आक्का तांब्या घेऊन उठल्या. प्रदक्षिणा घालता घालता रुंद खोडाआड गेल्या.

"आता चैत्रात काय?" तिकडून विचारलं त्यांनी. दिसत नव्हत्या, आवाज तेवढा आला.

"पालवी आली," विनायकराव हळूच म्हणाले. "लहरी पानांवर आदळतात, चहूकडे विखुरतात. त्यातल्या थोड्या या बोळात उतरत असतील."

"मग झाड अडवतं की पोचवतं?"

"...दोन्ही."

आक्का खोडाच्या या अंगाला आल्या. "आणि तू पोचलेलं खोडलंस."

"क्षीण होतं हो. थेट आलेलं नव्हतं."

मुदपाकखान्याकडे पाहून आक्कांनी हाक मारली, "शेवंता, जरा इकडे ये गं. गुरुवारी मठाच्या लँडलाइनवर तुला फोन येतो, त्यात काय विचारतात ते सांग यांना."

शेवंताने पदराला हात पुसले. "आक्का, सांगू नका म्हणाल्यात ताई."

"माझ्यावर घाल."

"काही नाही, साहेब... बाबा आले का, विचारतात. खोकला गेला का. प्रसाद नीट जेवले का, का आपलं मीटरच घेऊन बसले." शेवंताला हसू आलं. "मागल्या गुरुवारी म्हणाल्या, आईच्या प्रदक्षिणा कुणी घालतं का."

विनायकराव औदुंबराकडे पाहत राहिले. पानं कोवळी होती, तांबूस. वारा नव्हता.

"कधीपासून?"

"वहिनींचं वर्षश्राद्ध झालं ना, तेव्हापासनं."

म्हणजे दोन वर्षं. मधे एकही गुरुवार चुकला नसेल.

"मला तर एकदाही केला नाही," ते म्हणाले.

शेवंता जायला वळली.

"शेवंताबाई..." ते घाईने म्हणाले. "आज फोन आला तर सांगा, खोकला आहे अजून. थोडासा."

"कुठे आहे खोकला? महिन्याभरात एकदाही खोकला नाहीत."

"सांगा तरी."

शेवंताने आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी डोळे मिटून होकाराची मान हलवली.

विनायकरावांनी खिशातून मोबाइल काढला. तळहातावर धरून बसले. नाव समोर होतं, अंगठा वर होता. खाली काही आला नाही.

"आक्का, मी केला, आणि तिने उचललाच नाही तर?"

आक्कांनी तांब्यातलं उरलेलं पाणी बुंध्याशी ओतलं. मग वही त्यांच्या मांडीवर सरकवली, पेन वर ठेवलं.

"आधी खोडलेलं परत लिहून काढ."