पहिल्या पंगतीचे लाडू

एका राज्यात एक साधी दुपार होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्याची मुख्य आचारीण भिवरा पुरण घोटत होती. तेवढ्यात निरोप आला, की तिची गरोदर लेक सोनकी विहिरीवर चक्कर येऊन पडली. ओठ पांढरे, नखे पांढरी. वर्षापूर्वी थोरली अशीच गेली होती. भिवराने पातेले उतरवले आणि ती उठली.

त्या राज्याला एका मांत्रिकाचा शाप होता. राजवाड्याच्या जेवणावळीत त्याची बायको बायकांच्या शेवटच्या पंगतीला बसली, तेव्हा पातेली रिकामी होती. ती उपाशी उठली. मांत्रिक म्हणाला, "इथल्या बायकांच्या रक्ताचे पाणी होवो." तसे झाले.

वडावरचा भारद्वाज पक्षी बोलत असे. तो म्हणाला, "भिवरे, राक्षसाच्या डोंगरावरची नाचणी आण, नागाच्या तळ्याकाठचे अळीव आण, बोलत्या शेवग्याचा पाला आण. लोखंडी कढईत भाज, गुळात वळ. पहिला घास बायकांचा. शाप सुटेल."

राक्षस झोपला होता. तिने कणसे खुडली. नागाने वाट अडवली. पोटुशीसाठी हवे म्हणताच तो बाजूला झाला. शेवग्याने आपणहून फांदी वाकवली. तीन दिवसांत तिन्ही कामे झाली. अवघड ते पुढेच होते.

लाडवांची पहिली खेप राजाने चाखायला मागवली. मग प्रधानाने चाखली, सेनापतीने चाखली. परात रिकामी आली.

"उत्तम!" राजा म्हणाला. "बायकांसाठी उद्या करा."

दुसरी खेप सोनकीच्या सासरी गेली. सासूने ती देवापुढे ठेवली, मग सासऱ्यांपुढे, मग दिरांपुढे, मग पाहुण्यांपुढे. सोनकीला चुरा मिळाला.

"अगं, तुझ्यासाठी पाठवले होते ना!" भिवरा तिला भेटायला गेली तेव्हा म्हणाली.

"पुरुषमाणसं जेवायची होती, आई." एवढे बोलतानाही तिला धाप लागली.

भारद्वाज म्हणाला, "राक्षसाची नाचणी आणलीस. व्याह्यांच्या ताटातला लाडू काही आणवेना."

"गप बस, मेल्या!"

तिसऱ्या खेपेला भिवराने राणीपासून दासीपर्यंत सगळ्याजणींना मुदपाकखान्यातच बोलावले. सोनकीला पालखीतून आणले, सोबत तिची सासू आली. भिवराने दाराला आतून कडी घातली.

दारावर थाप पडली. "भिवराबाई, आम्हांला भूक लागली आहे."

"बायकांची पंगत बसली आहे, महाराज."

"आणि आम्ही?"

"मागून. उरले तर."

राजाला थांबायची सवय नव्हती. बसावे की फिरावे हे त्याला कळेना. तो उभाच राहिला.

आत सासू दाराकडे बघत होती. "ते जेवल्याशिवाय घास उतरत नाही हो."

"उतरतो, विहीणबाई. चावा आधी."

सासूने चावला. मग राणीने, मग साऱ्याजणींनी. दुसरा लाडू संपता संपता सोनकीच्या ओठांवर रंग चढला. तिने तिसऱ्याला हात घातला, तोही न विचारता. शाप सुटला, तशी मांत्रिकाने झोळी खांद्याला लावली आणि तो राज्य सोडून गेला.

दार उघडले. सोनकीचे लाल ओठ पाहून राजाने दवंडी पिटवली, की यापुढे घरोघरी पहिली पंगत बायकांची. सोनकी आपल्या पायांनी चालत घरी गेली. परातीत चार लाडू उरले होते. भिवराने ते राजाला वाढले आणि कढई घासायला घेतली.

तिने स्वतः एकही खाल्ला नव्हता.