द्राक्षांच्या मुलखाची हद्द

फार जुनी गोष्ट. एका डोंगरउतारावर इतकी गोड द्राक्षं पिकत की सुगी झाली की सगळे प्राणी मिळून त्यांचं आसव पीत आणि मनसोक्त नाचत. एका वर्षी थंडीच्या तोंडाला तिथला मुखिया, तुरेबा नावाचा रानकोंबडा, म्हणाला, "यंदा ओढ्यापलीकडच्या सशांना सणाला बोलवायचं नाही. द्राक्षांचा मुलूख ओढ्यापाशी संपतो."

"कशावरून?" झिपरी खारीने विचारलं.

"मग तूच शोधून काढ!" तुरेबा हसला.

झिपरी खरंच निघाली. हिवाळाभर ती पहाटेचा गारवा अंगावर घेत, दुपारी मातीला पोट टेकवून ऊब बघत आणि वेलीवेलीची द्राक्षं चाखत हिंडली. ओढ्यापलीकडे ऊन तेच, वारा तोच. द्राक्ष तोंडात टाकताच तिची शेपटी आनंदाने फुलली. तुरेबाच्या घराजवळच्या खोलगट जागेत मात्र धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं, आणि तिथल्या द्राक्षाने तिचे दात आंबले.

तिने हे सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा तुरेबाचा तुराच कलला. "म्हणजे हद्दीबाहेर मीच? मला सण नाही?"

झिपरीला त्याची दया आली आणि हसूही. "अहो तुरेबा, वेल कुठे लावायची ते कळावं म्हणून हद्द शोधली. कुणाला बोलवायचं, हे ऊनवारा थोडंच ठरवतो?"

त्या सणाला ससे ओढा ओलांडून आले. त्यांच्या द्राक्षांचं आसव चाखून तुरेबा भर दुपारी असा आरवला की सगळा डोंगर खो खो हसला.