शेवटची भवानी

कडजाईच्या जत्रेच्या शेवटच्या दिवशी, ऊन डोंगराआड जायला लागलं की दुकानदार आपापल्या पालांचे दोर धरून उभे राहतात, पण गाठ कोणी सोडत नाही. माल बांधून झालेला असतो, टेम्पो उभे असतात. नवख्याला कळत नाही, ही माणसं कसली वाट बघतायत. देवळातले म्हातारे गुरव जिवबाअण्णा अशा पाहुण्यांना पायरीवर बसवून घेतात आणि चिमाबाई बुरडिणीची हकिकत सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. चिमाबाई घाटाखालच्या एका वाडीतली. नवरा गेल्यावर बांबू तोडून आणण्यापासून विणण्यापर्यंत सगळं ती एकटीच करायची. तिची वीण इतकी घट्ट, की सुपात पाणी ओतलं तरी झिरपायला वेळ लागायचा, असं सांगतात. त्या साली तिनं पहिल्यांदाच कडजाईच्या जत्रेत पाल टाकायचं ठरवलं. सबंध हिवाळा ती सुपं, टोपल्या, रोवळ्या विणत राहिली. बोटं सोलवटली तरी थांबली नाही. मग सासूला शेजारणीच्या हवाली करून, गाडीभर माल घेऊन ती घाट चढून आली.

पण त्या साली पावसानं दगा दिला होता. खळ्यांवर रास पडलीच नव्हती. माणसं जत्रेला आली, देवीला नारळ फोडला, लेकरांना जिलेबी घेतली, सुनांना बांगड्या भरल्या. मात्र घरात पाखडायला दाणा नाही, तर सूप घेऊन करायचं काय? बायका तिच्या पालापाशी थांबायच्या, सूप उलटंपालटं करून बघायच्या, "किती निगुतीनं विणलंय गं!" म्हणायच्या आणि पुढं जायच्या. जत्रा सरत आली तरी तिची भवानी झाली नव्हती, पहिला नगसुद्धा खपला नव्हता. बाकीचे दुकानदार तिच्या पालावरून जाताना नजर चुकवू लागले.

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं एक सूप उन्हात धरून पट्टी न् पट्टी तपासली. आपल्याच हातात खोट असेल, असं तिला वाटत होतं. खोट सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं. घरी जाऊन सुधारता तरी आली असती.

शेजारच्या पालातला रायाप्पा कासार म्हणाला, "चिमाक्का, निम्म्यानं दे आणि मोकळी हो. ओझं परत कशाला नेतीस?"

"कासारदादा, निम्म्यानं दिलं म्हणून घेणाऱ्याच्या घरी दाणा येणार हाय का? माल वाईट न्हाई, साल वाईट हाय," ती म्हणाली. मग तिनं बांबूची एक कांब ओढली, कोयत्यानं चिरली आणि नवी टोपली विणायला घेतली. हात रिकामे राहिले की रडू यायचं.

दुपारी वारा सुटला. भजीवाल्याच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि बघता बघता त्याचं पाल पेटलं. तिथून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. ज्वाळा देवीच्या मांडवाकडं सरकू लागल्या. ओढा कोरडा पडलेला, आड लांब. माणसं नुसती ओरडत पळत होती. चिमाबाईचं पाल पार कडेला, ओढ्याच्या अंगाला होतं. आपली गाडी जुंपून ती खुशाल निघून जाऊ शकली असती.

तिनं कोयता उचलला आणि बांधलेल्या गठ्ठ्यांचे दोर सपासप तोडले.

"ओढ्यातली वाळू भरा! टोपल्या घ्या, सुपं घ्या, उचला!"

"अगं आक्का, तुझा सगळा माल जळंल!" रायाप्पा ओरडला.

"जळू दे! धर ही टोपली!"

मग ओढ्यापासून आगीपर्यंत माणसांची रांग लागली. टोपल्यांतून वाळू येत होती आणि पुढची माणसं ती सुपांनी आगीवर भिरकावत होती. सगळ्यात पुढं चिमाबाई होती. आग मांडवाच्या तोंडाशी येऊन विझली. मांडवाच्या तोरणाचं एक पानसुद्धा करपलं नाही, असं म्हणतात. चिमाबाईच्या मालाचा मात्र कोळसा झाला होता.

दुकानदारांनी पैसे गोळा करून तिच्यापुढं ठेवले. तिनं हात लावला नाही. "म्या इकलं न्हाई, दिलं. त्याचं मोल कसं घेऊ?"

"मग दुसरं काहीतरी माग," रायाप्पा म्हणाला.

तिनं पैसे त्याच्याकडं परत सरकवले. "माल पडून ऱ्हायला, त्याचं दुःख सोसलं. पर तुमी समदी माझ्याकडं बघायचं टाळत होता, ते लागलं. हितनं पुढं कुणाची भवानी झाली नसंल, तर त्याला तसाच टाकून पालं उतरवू नगा."

रायाप्पानं मान खाली घातली. मग पुढच्या साली करायच्या सुपाचा विसार त्यानं तिच्या हातावर ठेवला. तो तिनं घेतला, कपाळाला लावला. त्यानंतरच जत्रेतलं पहिलं पाल उतरलं.

आजही कडजाईच्या जत्रेत ही रीत पाळतात. ज्याचं काहीच खपलं नाही, त्याच्या पालापाशी सगळे दुकानदार जातात. नुसते पैसे टेकवायचे नाहीत. वस्तू हातात घ्यायची, कशी केली ते विचारायचं, ऐकायचं आणि मग विकत घ्यायची. गेल्या साली तालुक्याहून आलेली एक पोरगी हातानं केलेले साबण घेऊन बसली होती. सगळे समोर येऊन उभे राहिले तशी ती आधी संकोचली. एका म्हाताऱ्या कासारणीनं साबण नाकाशी धरून विचारलं, "यात काय घातलंयस गं बाई?" पोरगी सांगू लागली. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला. दिवेलागण होऊन गेली, तरी पाल उतरवायची कोणी घाई केली नाही.