राणीच्या तराफ्याची गाठ

एका राज्यात, जिथली नदी राजवाड्याच्या पायऱ्या धुऊन वाहत असे, वेणा नावाची दोर वळणारी राहत होती. हा हुन्नर तिला आईकडून मिळाला. आई म्हणायची, "पोरी, निरगाठ मारायची घराच्या वाशाला, जिथं सुटणं म्हणजे घात. बाकी सगळीकडं सुरगाठ. तिचा एक पदर मोकळा ठेवायचा, सोडणाऱ्याच्या हाताला लागेल असा. एक हिसका दिला की झाली मोकळी."

वासराचं दावं, पोत्याचं तोंड, लेकीच्या वेणीचा गोंडा, सारं सुरगाठीनंच बांधलं जाई. फार सुखाचे दिवस होते ते. सकाळी आई गोंडा बांधी, सांजेला वेणा एका झटक्यात सोडी, आणि केस पाठभर पसरले की आई हसे.

माणूस गेलं की त्याच्या नावाचा केळीच्या खांबांचा तराफा घाटाला सुरगाठीनं बांधावा, तेरा दिवस त्यावर दिवा लावावा, चौदाव्या सकाळी सर्वांत जवळच्या माणसानं पदर ओढावा, अशी तिथली रीत. तराफा प्रवाहाला लागला की गेलेलं माणूस मार्गी लागे.

मग राणी कुमुद वारली. चौदाव्या सकाळी राजा धवलकेतू पदर हातात धरून उभा राहिला, पण ओढवेना. त्याने मांत्रिक गुंतनाथाला बोलावले. "ही गाठ कधी सुटू नये."

"तथास्तु," मांत्रिक म्हणाला. "मोबदल्यात सुरगाठ माझी." त्याने तराफ्याला निरगाठ मारली, सुरगाठ गाठोड्यात कोंबली आणि आपल्या गुहेत नेली.

त्या घटकेपासून राज्यातली प्रत्येक गाठ निरगाठ झाली. कोणाला सुरगाठीचे नाव आठवेना, कोणाच्या बोटांना वळण आठवेना. दोर कापला तर तो सापासारखा वळवळत पुन्हा जुळे. त्याच साली वेणाची आई गेली, आणि तिचाही तराफा घाटालाच राहिला. रोज सकाळी दारोदार ओल्या पावलांचे ठसे दिसत. गेलेली माणसं घरी येत, उंबऱ्याशी थांबत, परत जात.

वेणा ते ठसे पुसत नसे. खरं सांगायचं तर ती त्यांची वाट पाही. पण तिसऱ्या वर्षी तिला दिसलं की ठसे अडखळत पडताहेत, आणि टाचेच्या जागी रक्त आहे. आई चालून चालून थकली होती. वेणाला रडू कोसळलं.

अंगणातल्या बाभळीवर सुगरण पक्षी खोपा विणत होता. तो म्हणाला, "रडून गाठ सुटत नाही. तीन गाठी सोड. पहिली वासराची, दुसरी मांत्रिकाची, तिसरी राजाची."

वेणा गोठ्यात गेली. वासरू गाईकडे ओढ घेत होते, गाठ दगड झाली होती. तिने नखं मोडेस्तोवर ओढून पाहिलं. "ओढतेस काय?" पक्षी खेकसला. "ढील दे!" तेव्हा तिने वासराला खुंट्याशी आणले, सैल झालेला दोर गाठीत आत लोटला, आणि गाठ उकलली. वासरू आचळाला लागलं.

गुहेत गुंतनाथ गाठोड्याला टेकून बसला होता. "सात राजे हे ओढून थकले," तो म्हणाला.

"मी ओढणार नाही, महाराज. जरा टेकणं सोडा."

मांत्रिक कुतूहलाने उठला. भार हलताच गाठोडं सैलावलं. वेणाने कापडाचे टोक आत लोटले. गाठोडं उघडलं, आणि आतून आईचा आवाज आला, "एक पदर मोकळा ठेवायचा, पोरी." त्यासरशी बोटांना वळण आठवलं. गुंतनाथाची मूठभर राख झाली. वेणा घाटाकडे धावली.

राजा तराफ्यापाशी बसला होता. दोर ताणलेला होता, कारण प्रवाह रोज ओढत होता.

"महाराज, तराफा जवळ घ्या."

"जवळ घेतला तर गाठ सुटेल."

"राणीसाहेबांच्या पावलांचे ठसे पाहिलेत का हो, महाराज?"

राजाने मान खाली घातली. त्यानेही ते रक्त पाहिले होते. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला, त्याने तराफा छातीशी कवटाळला आणि लहान मुलासारखा रडला. दोर सैल पडला. वेणाने गाठ उकलली, तिथेच सुरगाठ बांधली, आणि मोकळा पदर राजाच्या हातात दिला.

राजाने तो ओढला.

मग घाटावरच्या साऱ्या निरगाठी सुरगाठी झाल्या, आणि घरोघरची माणसं पदर ओढायला आली. दुपारपर्यंत नदी तराफ्यांनी भरून गेली. वेणाने आईचा तराफा सर्वांत शेवटी सोडला. त्याआधी ती आईच्या तराफ्याकडे पाठ करून पायरीवर बसली, जशी पूर्वी रोज सकाळी आईपुढे बसत असे, आणि तिने आपल्या हातांनी वेणीला गोंडा बांधला. मग उठून पदर ओढला.

दुसऱ्या सकाळी उंबरा कोरडा होता. वेणा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, मग दोर वळायला बसली. सांजेला तिने गोंड्याचा पदर ओढला. केस पाठभर पसरले, आणि मागे कोणी नसताना ती हसली.

त्या राज्यात लेकीला पहिली गाठ सुरगाठच शिकवतात. गोष्टीचाही पदर तुमच्या हाती दिला आहे. ओढा, आणि तिला जाऊ द्या.